डिप्लिशन की एन्हान्समेंट? हातातला एफईटी ओळखण्याची रीत

एफईटी, म्हणजे गेट, सोर्स आणि ड्रेन अशा तीन पायांचा, गेटच्या व्होल्टेजने चालणारा ट्रान्झिस्टर, हातात आला की त्याच्याबद्दल पहिला प्रश्न एकच विचारावा: गेट आणि सोर्स यांच्यात शून्य व्होल्ट असताना ड्रेन ते सोर्स ही वाट मोकळी असते की बंद? मोकळी असेल तर तो डिप्लिशन-मोडचा आणि बंद असेल तर एन्हान्समेंट-मोडचा. चिन्हातली सलग किंवा तुटक रेघ, डेटाशीटमधला उणे किंवा अधिक आकडा, मीटरवर दिसणारा रोध, बोर्डावर गेटपाशी बसवलेला रेझिस्टर या सगळ्या खुणा शेवटी याच प्रश्नाचे उत्तर देत असतात. प्रश्न डोक्यात पक्का असला की त्यांतली एकही खूण पाठ करावी लागत नाही.

हे इतक्या आग्रहाने सांगण्याला कारण आहे. बेळगाव, खानापूर, निपाणी, चिकोडी या पट्ट्यात मराठी शाळेतून दहावी होऊन डिप्लोमाला किंवा अभियांत्रिकीला जाणाऱ्या मुलांना हा विषय इंग्रजी पुस्तकातून एकदम भेटतो. शब्द नवे, आकृत्या नव्या, त्यामुळे बहुतेक जण एन-चॅनल, पी-चॅनल, डिप्लिशन, एन्हान्समेंट असा चार रकान्यांचा तक्ता पाठ करून पुढे जातात. तक्ता परीक्षेपुरता पुरतो. पण उद्यमबागेतल्या एखाद्या कारखान्यातून आलेला ड्राइव्हचा बोर्ड समोर उघडून ठेवला आणि त्यावरचा उडालेला मॉस्फेट (गेट ऑक्साइडच्या थराने वेगळे ठेवलेला एफईटी) बदलायचा झाला, की तक्त्यातले रकाने एकमेकांत मिसळतात आणि धन कुठे द्यायचे, ऋण कुठे द्यायचे, याचा घोळ सुरू होतो.

आपल्याकडे शेतातल्या पंपाच्या स्टार्टरवर दोन बटणे असतात. हिरव्या बटणाचा कॉन्टॅक्ट एरवी तुटलेला असतो आणि दाबल्यावर जुळतो. लाल बटणाचा कॉन्टॅक्ट एरवी जुळलेला असतो आणि दाबल्यावर तुटतो. वायरमन ज्यांना एनओ आणि एनसी म्हणतो, तोच हा भेद आहे. एन्हान्समेंट एफईटी हिरव्या बटणाच्या जातीचा, डिप्लिशन एफईटी लाल बटणाच्या जातीचा. फरक इतकाच की बटण एक तर जुळते नाही तर तुटते, एफईटी मात्र अधल्यामधल्या कोणत्याही स्थितीत राहू शकतो.

आत काय असते

एन-चॅनल, म्हणजे ज्याची वाट (चॅनल) इलेक्ट्रॉनांनी वाहते अशा, एन्हान्समेंट मॉस्फेटमध्ये पी-प्रकारच्या सिलिकॉनवर सोर्स आणि ड्रेन हे दोन एन-प्रकारचे भाग असतात, आणि त्या दोहोंना जोडणारा एन-प्रकारचा पट्टा मुळात नसतोच. मधल्या पृष्ठभागावर सिलिकॉन डायऑक्साइडचा पातळ थर आणि त्यावर गेट. गेटला सोर्सच्या तुलनेत पुरेसा धन व्होल्टेज दिला की त्याच्या विद्युतक्षेत्राने ऑक्साइडच्या लगेच खाली इलेक्ट्रॉन गोळा होतात, तेवढा थर एन-प्रकारासारखा वागू लागतो आणि सोर्स-ड्रेन जोडले जातात. हे ज्या व्होल्टेजला सुरू होते तो थ्रेशोल्ड व्होल्टेज. म्हणजे येथे चॅनल आपण निर्माण करतो, आणि गेटचा व्होल्टेज काढला की तो नाहीसा होतो.

डिप्लिशन मॉस्फेटमध्ये तोच पट्टा कारखान्यातच तयार करून ठेवलेला असतो: सोर्स आणि ड्रेन यांच्यामधल्या पृष्ठभागात फॉस्फरस किंवा आर्सेनिकचे अणू रोवले जातात, आणि गेटला काहीही न देता वाट मोकळी राहते. गेटला ऋण व्होल्टेज दिला की त्या पट्ट्यातले इलेक्ट्रॉन दूर लोटले जातात, पट्टा रिता होत जातो आणि ठराविक ऋण व्होल्टेजला प्रवाह थांबतो. एक गोष्ट पुष्कळदा शिकवायची राहून जाते, ती येथे नोंदवतो. या मॉस्फेटला गेटवर धन व्होल्टेजही चालतो, आणि तसा दिला तर शून्य व्होल्टला होता त्याहून अधिक प्रवाह वाहतो, कारण गेट ऑक्साइडने वेगळे केलेले असते आणि त्यातून प्रवाह जात नाही. डिप्लिशन मॉस्फेट असा दोन्ही दिशांना काम करतो. एन्हान्समेंट मॉस्फेटला ही सोय नाही.

जेफेट हा एफईटीचा दुसरा प्रकार, त्याची रचना निराळी आहे. त्यात ऑक्साइड नसतो. गेट आणि चॅनल यांच्यात साधे पी-एन जंक्शन असते आणि त्याला उलट दिशेने व्होल्टेज देऊन, म्हणजे उलट बायस करून, चॅनल आवळला जातो. चॅनल मुळातच असल्यामुळे बाजारात मिळणारे सिलिकॉनचे जेफेट सगळे डिप्लिशन-मोडचेच असतात. एन-चॅनल जेफेटच्या गेटला अर्ध्या व्होल्टच्या पुढे धन व्होल्टेज दिला तर ते जंक्शन डायोडसारखे वाहू लागते आणि गेटचे गेटपण संपते. तेव्हा समोरचा घटक जेफेट आहे एवढे कळले, की मोडचा प्रश्न सुटलाच.

चिन्हांचा सापळा

सर्वांत जास्त चुका येथे होतात. थ्रेशोल्ड उणे आहे म्हणजे डिप्लिशन, असे काही जण धरून चालतात. ते फक्त एन-चॅनलपुरते खरे आहे. आयआरएफ ९५४० हा पी-चॅनल मॉस्फेट घ्या: त्याचा थ्रेशोल्ड उणे २ ते उणे ४ व्होल्ट असा छापलेला असतो, तरी तो शुद्ध एन्हान्समेंट-मोडचा आहे, कारण पी-चॅनलमध्ये छिद्रे (होल्स, म्हणजे धन भारासारख्या वागणाऱ्या इलेक्ट्रॉनांच्या रिकाम्या जागा) गोळा करायची तर गेट सोर्सपेक्षा खालीच न्यावे लागते. उलट जे १७५ हा पी-चॅनल जेफेट बंद करायला गेटला अधिक ३ ते अधिक ६ व्होल्ट लागतात, आणि तो डिप्लिशन-मोडचा आहे. म्हणून आकड्याच्या चिन्हाआधी चॅनलचा प्रकार पाहावा, आणि मग विचारावे की हा आकडा घटक सुरू करणारा आहे की बंद करणारा. एन-चॅनल अधिक व्होल्टेजने सुरू होत असेल तर एन्हान्समेंट, उणे व्होल्टेजने बंद होत असेल तर डिप्लिशन. पी-चॅनलमध्ये चिन्हे उलटी, तर्क तोच. पी-चॅनल डिप्लिशन मॉस्फेट बाजारात क्वचितच दिसतो, त्यामुळे व्यवहारात तीनच प्रकारचे मॉस्फेट आणि दोन प्रकारचे जेफेट हाताळावे लागतात.

सर्किटच्या आकृतीत ओळख सोपी आहे. ड्रेन ते सोर्स ही उभी रेघ तीन तुकड्यांत तोडलेली असेल तर चॅनल मुळात नाही, म्हणजे एन्हान्समेंट; सलग असेल तर चॅनल आहे, म्हणजे डिप्लिशन. बाणाची दिशा एन की पी एवढेच सांगते, मोड सांगत नाही. गेटची रेघ चॅनलला थेट भिडलेली आणि तिच्यावरच बाण असेल तर तो जेफेट. मात्र अलीकडच्या पुष्कळ आकृत्यांत, विशेषतः आयसीच्या आतल्या आकृत्यांत, मॉस्फेटचे संक्षिप्त चिन्ह वापरतात आणि त्यात तुटक रेघ काढतच नाहीत. तेथे डिप्लिशन दाखवायला चॅनलची रेघ जाड करतात आणि गेटवरचे लहान वर्तुळ पी-चॅनल दर्शवते. अशा आकृतीत सलग बारीक रेघ पाहून तो डिप्लिशन असल्याचा निष्कर्ष काढू नये.

डेटाशीट कशी वाचावी

घटकावरचा क्रमांक वाचता येत असेल तर मीटर हातात घेण्याआधी डेटाशीट उघडावी. तीत तीन जागा पाहायच्या.

पहिली जागा आयडीएसएसची. या अक्षरांचा अर्थ दोन्ही प्रकारांत एकच आहे: गेट आणि सोर्स जोडलेले असताना ड्रेनमधून जाणारा प्रवाह. पण त्याचा आकार पाहिला की मोड तत्काळ कळतो. २एन७००० या लहान एन्हान्समेंट मॉस्फेटमध्ये तो जास्तीत जास्त १ मायक्रोअँपिअर आहे, आयआरएफझेड ४४ एन मध्ये २५ मायक्रोअँपिअर. ही गळती आहे आणि ती जितकी कमी तितकी चांगली, म्हणून तेथे फक्त कमाल आकडा दिलेला असतो. बीएफडब्ल्यू १० या जेफेटमध्ये तोच आकडा ८ ते २० मिलिअँपिअर, एलएनडी १५० या ५०० व्होल्टच्या डिप्लिशन मॉस्फेटमध्ये १ ते ३ मिलिअँपिअर, तर डीएन २५४० मध्ये किमान १५० मिलिअँपिअर आहे. येथे तो घटकाचा मुख्य गुण आहे, म्हणून किमान आकडाही छापलेला असतो. आयडीएसएसच्या ओळीत किमान मूल्याचा रकाना भरलेला दिसला की तो डिप्लिशन समजावा. माझ्या मते साऱ्या डेटाशीटमधली ही सर्वांत भरवशाची खूण आहे.

दुसरी जागा गेटच्या व्होल्टेजची. एन्हान्समेंट घटकासाठी व्हीजीएस-टीएच, म्हणजे जेथे प्रवाह सुरू होतो तो व्होल्टेज देतात; डिप्लिशन घटकासाठी बहुधा व्हीजीएस-ऑफ, म्हणजे जेथे प्रवाह थांबतो तो देतात. २एन७००० साठी ०.८ ते ३ व्होल्ट, आयआरएफझेड ४४ एन साठी २ ते ४ व्होल्ट. एलएनडी १५० साठी उणे १ ते उणे ३ व्होल्ट. पण नावावर विसंबू नये, कारण बीएसएस १२६ सारख्या काही डिप्लिशन मॉस्फेटच्या डेटाशीटमध्ये व्हीजीएस-टीएच हेच नाव ठेवून पुढे उणे आकडा दिलेला असतो. शिवाय थ्रेशोल्ड म्हणजे मॉस्फेट पूर्ण सुरू होण्याचा व्होल्टेज नव्हे. आयआरएफझेड ४४ एन चा थ्रेशोल्ड २५० मायक्रोअँपिअर एवढ्या किरकोळ प्रवाहाला मोजलेला असतो, आणि त्याचा १७.५ मिलिओहम हा चालू स्थितीतला रोध मिळायला गेटला १० व्होल्ट द्यावे लागतात.

तिसरी जागा फारसे कोणी पाहत नाही. ड्रेन-सोर्स सहनक्षमतेचा व्होल्टेज एन्हान्समेंट घटकात बीव्हीडीएसएस या नावाने, गेट सोर्सला जोडून मोजलेला असतो. डिप्लिशन मॉस्फेट त्या स्थितीत वाहतच असल्यामुळे सहनक्षमता मोजायला आधी तो ऋण व्होल्टेजने बंद करावा लागतो, आणि म्हणून तेथे बीव्हीडीएसएक्स असे नाव असते. शेवटच्या अक्षराचा हा फरक दिसला तरी काम झाले.

डेटाशीटमध्ये ट्रान्सफर आलेख असेल तर तोही पाहावा. आडव्या अक्षावर गेटचा व्होल्टेज, उभ्या अक्षावर ड्रेनचा प्रवाह. विश्वेश्वरय्या तांत्रिक विद्यापीठाचे मुख्यालय असलेल्या बेळगावात हा आलेख प्रयोगवहीत काढलेली मुले गल्लोगल्ली सापडतील. त्यात शोधायचे ते इतकेच, की वक्र उभ्या अक्षाला, म्हणजे शून्य व्होल्टच्या रेषेला, कोठे भेटतो. वर छेदत असेल तर तो छेदनबिंदू म्हणजेच आयडीएसएस, आणि घटक डिप्लिशनचा. वक्र तेथे तळाला चिकटलेला असेल आणि पुढे जाऊन वर उठत असेल तर एन्हान्समेंट. वक्राचा आकार दोहोंत सारखाच, वर्गाच्या प्रमाणात वाढणारा असतो. फक्त तो डावी-उजवीकडे सरकलेला असतो.

मीटरने ओळखणे

क्रमांक पुसलेला असेल, किंवा घासून दुसरा छापल्याची शंका असेल, तर मीटर घ्यावा. आधी सुरक्षिततेचे. एसएमपीएसच्या, म्हणजे स्विचिंग पॉवर सप्लायच्या, बोर्डावर २३० व्होल्ट रेक्टिफाय होऊन मोठ्या कपॅसिटरवर सुमारे ३२५ व्होल्ट साठतात आणि प्लग काढल्यानंतरही काही वेळ टिकतात. रेझिस्टरमधून तो कपॅसिटर रिकामा केल्याशिवाय बोर्डाला हात लावू नये. नंतर घटक बोर्डावरून काढूनच तपासावा, कारण ट्रान्सफॉर्मरचे वेटोळे, समांतर डायोड, लहान रेझिस्टर यांच्यामुळे बोर्डावरचे वाचन फसवे येते. फेब्रुवारी-मार्चमधली आपल्याकडची कोरडी हवा स्थिर विद्युतभाराला अनुकूल असते, म्हणून सुटा मॉस्फेट हाताळण्याआधी अर्थिंग जोडलेल्या धातूला हात लावावा आणि घटक पायांऐवजी अंगाला धरावा.

प्रथम गेट शोधावे. टीओ-२२० आकाराच्या बहुतेक पॉवर मॉस्फेटमध्ये छापील बाजू आपल्याकडे धरली असता डावीकडून गेट, ड्रेन, सोर्स असा क्रम असतो आणि मागची धातूची पट्टी ड्रेनला जोडलेली असते. लहान टीओ-९२ आकारात मात्र असा एकच क्रम नाही: २एन७००० मध्ये गेट मधला पाय आहे, तर २एन५४५७ या जेफेटमध्ये ते कडेला आहे. बीएफडब्ल्यू १० च्या धातूच्या टोपीला चार पाय असतात आणि चौथा नुसता टोपीला जोडलेला असतो. डायोड-मोडवर तिन्ही पायांच्या जोड्या तपासल्या तर जेफेट लगेच उघडा पडतो: त्याच्या गेटपासून ड्रेन आणि सोर्स या दोन्हींकडे, एकाच दिशेने, ०.६ ते ०.७ व्होल्टच्या आसपास वाचन येते. मॉस्फेटचे गेट कोणत्याही पायाशी, कोणत्याही दिशेने काहीच दाखवत नाही.

मॉस्फेट असल्याचे कळले की मुख्य तपासणी करावी. गेट आणि सोर्स बारीक तारेने एकत्र बांधावेत आणि तपासणी संपेपर्यंत तसेच ठेवावेत. ही पायरी टाळू नये. एन्हान्समेंट मॉस्फेटच्या गेटवर मीटरच्या टोकाने किंवा बोटाने आलेला भार बराच काळ राहतो, आणि तेवढ्यावर तो सुरू राहून मीटरला डिप्लिशनसारखा भासतो. आता मीटर ओहमवर ठेवून लाल टोक ड्रेनला आणि काळे सोर्सला लावावे. एन-चॅनल एन्हान्समेंट चांगला असेल तर वाट बंद दिसते. टोके उलटी केली की डायोड-मोडवर ०.४ ते ०.६ व्होल्टच्या आसपास वाचन येते, तो त्याच्या अंगातलाच बॉडी डायोड. डिप्लिशन असेल तर लाल टोक ड्रेनला असतानाही रोध मिळतो: डीएन २५४० मध्ये २५ ओहमपर्यंत, एलएनडी १५० मध्ये काहीशे ओहमपासून १ किलोओहमपर्यंत. ही तपासणी ओहमच्या रेंजवरच करावी असे मी म्हणतो, त्याचे कारण असे की एलएनडी १५० सारख्या जास्त रोधाच्या घटकात डायोड-मोडवर येणारा आकडा डायोडच्या आकड्याजवळ पडू शकतो आणि आपण चॅनललाच डायोड समजून बसतो.

येथे आणखी एक धोका आहे. उडालेला एन्हान्समेंट मॉस्फेट पुष्कळदा ड्रेन-सोर्स शॉर्ट होऊन मरतो, आणि शॉर्ट झालेला घटक शून्य व्होल्टलाही वाहतोच. तो डिप्लिशन आहे की मेलेला, हे नुसत्या रोधावरून ठरवू नये. शॉर्ट घटकात रोध जवळजवळ शून्य येतो आणि बहुधा गेटही सोर्सशी जोडले गेलेले आढळते, पण खरा निकाल गेटला ऋण व्होल्टेज देऊनच लागतो: डिप्लिशन बंद होईल, मेलेला होणार नाही.

दोन बॅटऱ्या आणि एक एलईडी

त्यासाठी एक लहानशी जोडणी पुरते आणि ती प्रत्येक दुरुस्तीच्या टेबलावर कायमची करून ठेवण्यासारखी आहे. ९ व्होल्टच्या बॅटरीच्या प्लसपासून १ किलोओहमचा रेझिस्टर, पुढे लाल एलईडी, पुढे ड्रेन. सोर्स बॅटरीच्या मायनसला. गेट १०० किलोओहमच्या रेझिस्टरने सोर्सला बांधावे. पी-चॅनलसाठी बॅटरी आणि एलईडी दोन्ही उलटे करावेत. एवढ्यावर एलईडी लागला नाही तर एन्हान्समेंट, लागला तर डिप्लिशन असण्याचा संभव. संभव म्हणण्याचे कारण, ड्रेन आणि सोर्स चुकून अदलाबदल झाले असतील तर बॉडी डायोडमधूनही एलईडी लागतो.

मग दुसरी ९ व्होल्टची बॅटरी घ्यावी. तिचे एक टोक सोर्सला आणि दुसरे १० किलोओहममधून गेटला लावावे. एन-चॅनलच्या गेटकडे प्लस दिल्यावर न लागलेला एलईडी लागला, तर एन्हान्समेंट निश्चित. गेटकडे मायनस दिल्यावर लागलेला एलईडी विझला, तर डिप्लिशन निश्चित. कशानेही न विझणारा एलईडी म्हणजे घटक शॉर्ट किंवा उलटा जोडलेला, आणि कशानेही न लागणारा म्हणजे घटक तुटलेला. बहुतेक मॉस्फेटचे गेट २० व्होल्टपर्यंत सहन करते, त्यामुळे ९ व्होल्टला भीती नाही. आणि जेफेटच्या गेटला चुकीच्या दिशेने बॅटरी लागली तरी १० किलोओहममुळे प्रवाह १ मिलिअँपिअरच्या आत राहतो.

एलईडीच्या उजेडाकडेही लक्ष द्यावे. त्याच्या वाटेने सुमारे ७ मिलिअँपिअर जाऊ शकतात, पण एलएनडी १५० स्वतःच १ ते ३ मिलिअँपिअरवर प्रवाह अडवतो, म्हणून एलईडी मंद लागतो; जे २०१ चा आयडीएसएस ०.२ ते १ मिलिअँपिअर असल्याने तो सावलीत धरूनच पाहावा लागतो, नाहीतर लागलेला एलईडी विझलेला समजला जातो. एलईडीच्या जागी मिलिअँपिअरवर ठेवलेला मीटर लावून, गेट थेट सोर्सला जोडले, तर मिळणारा आकडा त्या घटकाचा आयडीएसएस असतो. त्यासाठी रेझिस्टर काढून टाकावा, पण डीएन २५४० सारख्या जास्त प्रवाहाच्या घटकावर असे करू नये.

हा आकडा मोजून ठेवण्याचे मोल डिझाइन करताना कळते. एकाच क्रमांकाच्या जेफेटमध्ये आयडीएसएस एकाचा दुसऱ्याच्या कितीतरी पट असू शकतो. समजा, मोजलेला आयडीएसएस ४ मिलिअँपिअर आहे, उणे २ व्होल्टला घटक बंद होतो, आणि आपल्याला १ मिलिअँपिअर स्थिर प्रवाह हवा आहे. प्रवाह आयडीएसएसच्या चौथ्या हिश्शावर आणायचा म्हणजे गेट बंद होण्याच्या निम्म्या व्होल्टेजवर, उणे १ व्होल्टवर, यायला हवे. तेव्हा गेट ग्राउंडला जोडून सोर्समध्ये १ किलोओहमचा रेझिस्टर घातला की १ मिलिअँपिअर वाहताना सोर्स १ व्होल्ट वर उचलला जातो आणि गेट आपोआप उणे १ व्होल्टवर येते. वेगळा बायस लागत नाही. हे फक्त डिप्लिशन घटकातच शक्य आहे.

याच कारणाने बोर्डावरचा घटक न काढताही बराच अंदाज बांधता येतो. गेट मोठ्या रेझिस्टरने ग्राउंडला आणि सोर्समध्ये लहान रेझिस्टर, अशी रचना दिसली तर घटक बहुधा डिप्लिशनचा असतो. गेटला सप्लायपासून दोन रेझिस्टरांचा विभाजक दिलेला असेल, किंवा गेट-सोर्समध्ये १० किलोओहमच्या आसपासचा पुलडाउन असेल, तर बहुधा एन्हान्समेंट. पुलडाउन बसवतात तो ड्राइव्ह आयसी जागा होण्याआधी मॉस्फेट बंद राहावा म्हणून. डिप्लिशन घटकाला तोच रेझिस्टर सुरू ठेवील.

कोठे कोणता

मोटर ड्राइव्ह, सोलर कंट्रोलर, इन्व्हर्टर, ई-स्कूटरचा कंट्रोलर यांतले मॉस्फेट जवळजवळ नेहमी एन्हान्समेंटचेच असतात, आणि हे योग्यही आहे. गेटचा सप्लाय गेला तर पॉवरचा घटक बंद पडला पाहिजे; तेथे डिप्लिशन असता तर ड्राइव्ह जाताच वरचा आणि खालचा दोन्ही घटक एकदम सुरू होऊन सप्लाय शॉर्ट झाला असता. डिप्लिशनची जागा वेगळी आहे. एसएमपीएस सुरू होताना कंट्रोलर आयसीला पहिला प्रवाह मिळवून देणे आणि मग स्वतः बंद होणे, स्थिर प्रवाह देणे, सप्लाय नसताना जुळलेला राहणारा सॉलिड-स्टेट रिले, इलेक्ट्रेट माइकच्या कॅप्सूलमधला जेफेट, ही कामे त्याची. दुरुस्तीत एकाच्या जागी दुसरा बसवू नये, व्होल्टेज आणि अँपिअर कितीही जुळत असले तरी.

एके काळी डिप्लिशन मॉस्फेट नको असताना तयार होत असत. बेल लॅब्जमध्ये मोहम्मद अटाला आणि डावॉन कांग यांनी १९५९ च्या सुमारास मॉस्फेट साकारला, तेव्हापासून पुढची काही वर्षे ऑक्साइडमधील सोडियमचे धन आयन हा मोठा प्रश्न होता: ते सिलिकॉनच्या पृष्ठभागाशी इलेक्ट्रॉन ओढून घेत आणि एन-चॅनल घटक गेटला काही न देताच सुरू राहत. म्हणूनच सुरुवातीच्या आयसी पी-चॅनलच्या निघाल्या. पुढे अशुद्धी मोजून रोवता येऊ लागली आणि तोच दोष उपयोगाला आला. इथल्या डिप्लोमाच्या कितीतरी तुकड्यांनी किटवर हाताळलेला इंटेलचा ८०८५ प्रोसेसर १९७६ चा. त्याच्या आधीच्या ८०८० ला अधिक ५, उणे ५ आणि अधिक १२ असे तीन सप्लाय लागत, ८०८५ ला फक्त ५ व्होल्ट पुरतात. त्यामागे डिप्लिशन मॉस्फेट आहेत: गेट सोर्सला जोडलेला डिप्लिशन मॉस्फेट लोड म्हणून वापरला की आउटपुट पूर्ण ५ व्होल्टपर्यंत जाते, तर एन्हान्समेंटचा लोड एक थ्रेशोल्ड खाऊन टाकतो आणि त्याची भरपाई वरच्या सप्लायने करावी लागते.

आता फोनच्या जलद चार्जरमधून गॅलियम नायट्राइडचे ट्रान्झिस्टर दुरुस्तीच्या टेबलावर येऊ लागले आहेत. त्यात ॲल्युमिनियम गॅलियम नायट्राइड आणि गॅलियम नायट्राइड यांच्या सीमेवर इलेक्ट्रॉनांचा थर आपोआप तयार होतो, त्यामुळे हा ट्रान्झिस्टर स्वभावतः डिप्लिशन-मोडचा आहे. पॉवरच्या कामासाठी तो शून्य व्होल्टला बंद ठेवण्याचे दोन मार्ग रूढ आहेत: गेटखाली पी-प्रकारचा थर घालणे, किंवा कमी व्होल्टेजचा सिलिकॉनचा एन्हान्समेंट मॉस्फेट त्याच्या सोर्सला मालिकेत जोडून दोन्ही एकाच पॅकेजमध्ये बसवणे. दुसऱ्या प्रकाराला कॅसकोड म्हणतात. त्यात बाहेर आलेले गेट सिलिकॉन मॉस्फेटचे असते, म्हणून वरच्या सर्व तपासण्यांत तो एन्हान्समेंट म्हणूनच वागतो आणि सर्किटमध्येही त्याला तसेच वापरायचे असते. आतला डिप्लिशन घटक फक्त डेटाशीटमधल्या अंतर्गत आकृतीत, वरच्या बाजूला सलग रेघेने काढलेला दिसतो.